बिल्ड तुटला की फोन मलाच येतो

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या बाई पुण्यात एका मोठ्या सी प्लस प्लस प्रॉडक्टवर 9 वर्षं आहेत, त्यातली 6 वर्षं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याची यंत्रणा, सांभाळतात. कोड वीसेक वर्षांचा. 350 मेकफाइल्स (प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइली), त्यांच्याभोवती शेल आणि पर्लच्या स्क्रिप्ट्स, आणि कॉन्फिगचे, म्हणजे प्रोग्रॅममध्ये काय चालू आणि काय बंद ते ठरवणारे, 600 पर्याय. त्यातले निम्मे कशासाठी आहेत ते आता कोणालाच सांगता येत नाही. पूर्ण बिल्डला 2 तास 40 मिनिटं लागतात. हे सगळं उभं करणारे सिनिअर निवृत्त झाले. जाताना त्यांनी चार पानांचं डॉक्युमेंट दिलं, त्यातली दोन पानं आता लागूच होत नाहीत. टीममध्ये 60 डेव्हलपर आहेत आणि बिल्ड तुटला की फोन यांनाच. गेल्या गणपतीत कुडाळजवळच्या गावी, रेंज फक्त विहिरीपाशी येते म्हणून तिथे उभं राहून त्यांनी फोनवरून कमांड सांगितल्या. आरती चुकली. अप्रेझलमध्ये शेरा : 'काम चांगलं, पण इम्पॅक्ट दिसत नाही.' आता नव्या मॅनेजरांना सहा महिन्यांत सगळं बेझल या दुसऱ्या बिल्ड साधनावर न्यायचं आहे. बाईंचं म्हणणं असं की सगळं मोडून नव्यानं लिहिल्याशिवाय सुटका नाही आणि ते आपल्यालाच लिहावं लागेल, कारण बाकीच्यांना बिल्ड समजून घ्यायचाच नाही. मध्यंतरी एका ज्युनिअर मुलानं मेकफाइलमध्ये दुरुस्ती केली होती, ती त्यांना रात्री बसून पुन्हा लिहावी लागली. प्रश्न : नव्यानं लिहायला घेऊ, की टीम बदलून फीचरच्या कामावर जाऊ?

—

तुमचं पत्र वाचून झालं तरी ती विहीर डोळ्यांसमोरून जाईना. तुम्ही लिहिलंय की उत्तर सांगायला दोनच मिनिटं लागली, बाकीचा वेळ समोरच्याकडून एरर नीट वाचून घेण्यात गेला. म्हणजे दोन मिनिटांचं उत्तर 60 माणसांच्या ऑफिसात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते कुडाळजवळ विहिरीपाशी उभं होतं.

मी स्वतः 11 वर्षं बिल्ड सांभाळला आहे, त्या हक्कानं एक टोचणारा प्रश्न विचारतो. फोन ठेवताना चिडचिड झालीच असणार. पण आत कुठेतरी थोडं बरंही वाटलं ना? मला वाटायचं. 'तुझ्याशिवाय हलत नाही' या वाक्याचा गोडवा पहिली दोन-तीन वर्षं पुरतो. नंतर त्याचं ओझं होतं, पण तोवर आपण त्याला इतके सरावलेले असतो की उतरवून ठेवायचं सुचत नाही. तुमच्या पत्रात तक्रार आहे तिथे तिथे 'मलाच' आहे, आणि उपाय आहे तिथेही 'मीच' आहे. नव्यानं लिहायचं तर तेही मीच. मग समजा लिहिलंत. दोन वर्षांनी फोन कोणाला येईल?

आता मेकफाइल्सकडे येऊ. त्या तुम्हाला गुन्हेगार वाटतात आणि मॅनेजरांनाही वाटतात. या एका बाबतीत तुमचं दोघांचं एकमत आहे, म्हणूनच मला शंका येते.

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यामागची हकिगत तुमच्या ऑफिसात कालच घडली असेल अशी आहे. त्यांच्या एका सहकाऱ्यानं अख्खी सकाळ एका प्रोग्रॅममधला बग शोधण्यात घालवली. बग आधीच दुरुस्त झालेला होता, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची (मशीनला चालेल अशा रूपात आणायची) राहिली होती. एवढ्या एका गोष्टीवर उपाय म्हणून मेक आलं : कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते लिहून द्या, फाइल शेवटची कधी बदलली तो टाइमस्टँप बघून काय पुन्हा बनवायचं ते मी ठरवतो. (टॅबचा जाच सुद्धा तेव्हापासूनचा. ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा हा नियम चुकला हे फेल्डमनना लवकरच कळलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून तो तसाच ठेवला. त्या डझनभरांच्या भिडेची किंमत आपण पन्नास वर्षं भरतो आहोत. तुमच्या 600 पर्यायांपैकी किती पर्याय अशाच भिडेपोटी जगले असतील?)

तुमच्या ऑफिसात बिल्ड तुटला की पहिला सल्ला काय मिळतो? 'क्लीन करून बघ' (आधी बांधलेलं सगळं पुसून पुन्हा बांध), हाच ना? जिथे हा पहिला सल्ला असतो, तिथे बिल्ड खोटं बोलत असतो. काय कशावर अवलंबून आहे ते त्याला पूर्ण सांगितलेलं नसतं, म्हणून तो जुन्या ऑब्जेक्ट फाइलकडे (आधी कंपाइल होऊन पडलेल्या तुकड्याकडे) बोट दाखवून 'झालंय' म्हणतो. फेल्डमनच्या सहकाऱ्याची सकाळ अशीच गेली होती. तुमच्याकडे साठ जणांच्या सकाळी जातात, आणि प्रत्येक क्लीनमागे पुढचे 2 तास 40 मिनिटं.

ही खोटी उत्तरं कुठून येतात, ते मी जिथे जिथे पाहिलं तिथे थोड्याफार फरकानं सारखंच होतं. हेडर फाइलवरची (अनेक फाइलींत ओढून घेतल्या जाणाऱ्या सामायिक फाइलवरची) अवलंबित्वं कोणीतरी एके काळी हातानं लिहिली आणि नंतर जुळवायची सोडून दिली. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर 'एमएमडी' हा फ्लॅग (आदेशासोबतची सूचना) दिला की ती यादी स्वतः काढून देतात, पण जुन्या मेकफाइल्समध्ये तो बहुधा अर्ध्याच ठिकाणी असतो. दुसरं, स्क्रिप्टमधून तयार होणाऱ्या फाइली. त्या बनायच्या आधीच कोणीतरी त्या वाचायला जातं, आणि एरवी 'नशिबानं' क्रम बरोबर लागत असतो. तिसरं, कंपायलरचा फ्लॅग बदलला तरी मेकला ते कळत नाही, कारण फ्लॅगला टाइमस्टँप नसतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, एका मेकनं दुसऱ्या फोल्डरमधलं मेक बोलवायचं, त्यानं तिसरं. पीटर मिलर यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी एका निबंधात हे फार नेटकं मांडलं होतं : प्रत्येक मेकला चित्राचा एकच तुकडा दिसतो, मग माणसं क्रम हातानं लावत बसतात आणि तरी जमलं नाही की तीच पायरी दोनदा चालवतात. तुमच्या वरच्या मेकफाइलमध्ये एखादं फोल्डर दोनदा आलेलं आहे का बघा. माझी पैज आहे.

हे सगळं शोधायला बेझल लागत नाही. ग्नू मेकच्या 4.4 या आवृत्तीत, 2022 मध्ये, 'शफल' नावाचा पर्याय आला. तो कामांचा क्रम मुद्दाम पिसतो, पत्ते पिसावेत तसा. नशिबावर चाललेला बिल्ड त्यात लगेच उघडा पडतो. एका रात्री तो लावून ठेवा आणि सकाळी लॉग बघा. चहा घेऊन बसा, यादी मोठी असेल.

आता बेझल. गूगलमध्ये आतल्या वापरासाठी ब्लेझ होतं, त्याचाच भाग 2015 मध्ये बेझल म्हणून सर्वांसाठी खुला झाला. साधन उत्तम आहे, मला त्याच्याबद्दल आकस नाही. ते फाइलच्या टाइमस्टँपऐवजी मजकूर बघतं, प्रत्येक काम बंद खोलीत चालवतं, आणि न सांगितलेली फाइल वाचू देत नाही. पण म्हणजेच, त्याला प्रत्येक अवलंबित्व सांगावं लागतं. जी यादी तुमच्याकडे आज नाही, तीच यादी ते पहिल्या दिवशी मागणार. ती बनवणं हेच खरं काम, आणि ते आजच्या मेकफाइल्समध्ये राहूनही सुरू करता येतं. ते झालं की पुढे बेझल घ्या, सीमेक आणि निंजा ही दुसरी बिल्ड साधनं घ्या, नाहीतर मेकवरच राहा. फ्लॅग बदलला की पुन्हा कंपाइल करण्याची समज निंजाला आहे, एवढ्यावरही पुष्कळांचं भागतं. ते न करता बेझलवर गेलात, तर 'सध्यापुरतं' म्हणून सगळं फोल्डरच अवलंबित्व म्हणून घातलं जाईल, आणि जुनीच खिचडी नव्या पातेल्यात.

मोडून नव्यानं लिहिण्याच्या बेतांचं काय होतं याची उदाहरणं मोकळ्या सॉफ्टवेअरच्या जगात भरपूर सापडतात, कारण तिथली भांडणं चव्हाट्यावर होतात. लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नेलचं घ्या. 2000 च्या सुमाराला त्याची कॉन्फिगरेशनची व्यवस्था तुमच्यासारखीच जुनाट झाली होती. एरिक रेमंड यांनी सीएमएल2 नावाची नवी व्यवस्था लिहिली, तिच्यावर दोनेक वर्षं घालवली. हुशारीत ती कमी नव्हती. पण तिला पायथन ही आणखी एक भाषा लागत होती, आणि जुनं सगळं एका झटक्यात जायचं होतं. प्रचंड वाद झाले आणि ती शेवटी आत गेलीच नाही. 2002 मध्ये रोमन झिपेल यांची व्यवस्था आत गेली, तिला आपण आज केकॉन्फिग म्हणतो. ती सी मध्ये लिहिलेली, जुन्या फाइली नव्यात बदलून देणारा कन्व्हर्टर सोबत घेऊन आलेली. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट : पूर्वी सगळ्या पर्यायांची माहिती एका अवाढव्य मदत-फाइलमध्ये होती, ती तिथून उचलून प्रत्येक पर्यायाच्या शेजारी आणली गेली. ज्याचा ड्रायव्हर त्याच्या फोल्डरमध्ये त्याचा पर्याय, आणि त्याखालीच 'हे कशासाठी, शंका असेल तर काय निवडा' हे सांगणाऱ्या चार ओळी. तुमच्या सिनिअरांचं चार पानांचं डॉक्युमेंट आठवा. कोडपासून लांब ठेवलेली माहिती शिळी होणारच, त्यात त्यांचा दोष नव्हता.

केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपवाल्यांनी जुन्या ऑटोटूल्स या बिल्ड साधनांमधून बाहेर पडताना आधी एस्कॉन्स हे दुसरं साधन घेतलं, ते पेलेना म्हणून सोडलं आणि 2006 मध्ये सीमेकवर गेले. पहिला अंदाज चुकला तर मागे फिरता आलं पाहिजे, ही सोय तुमच्या सहा महिन्यांच्या बेतात कुठे आहे ते मॅनेजरांना विचारा.

पण अनुकरण करायचंच तर मी पोस्टग्रेस या डेटाबेसकडे बोट दाखवीन. 2023 मध्ये आलेल्या 16 व्या आवृत्तीत त्यांनी मेसन या साधनावरचा नवा बिल्ड दिला, आणि जुना ऑटोकॉन्फ-मेकचा बिल्ड शेजारी तसाच चालू ठेवला. विंडोजसाठी पर्लमधल्या वेगळ्या स्क्रिप्ट्स होत्या, त्यांना एक आवृत्ती मुदत मिळाली आणि 2024 च्या 17 व्या आवृत्तीत त्या गेल्या. दोन बिल्ड शेजारी चालवणं त्रासाचं असतं. नवी फाइल दोन ठिकाणी घालावी लागते, लोक कुरकुरतात. पण दोन्हींनी बनवलेली बायनरी (तयार प्रोग्रॅम) रोज रात्री ताडून बघता येते, आणि 'नवा बिल्ड बरोबर आहे' हे कोणाच्या शब्दावर न ठेवता दाखवता येतं. एक काळजी मात्र घ्या : जुना कधी बंद होणार ती तारीख पहिल्याच दिवशी लिहून टाका. मी ती लिहिली नव्हती. आमच्याकडे दोन्ही बिल्ड चार वर्षं चालले, आणि त्या चार वर्षांत तिसरा जन्माला आला.

तेव्हा मॅनेजरांना 'नाही' म्हणू नका. म्हणा, बेझल करून बघू, पण आधी एकच मॉड्यूल घेऊ, ज्यावर दुसरं काही अवलंबून नाही असं. सहा आठवडे. आणि सहा आठवड्यांनी बघू की त्याची पूर्ण यादी करायला किती दिवस लागले, दुसऱ्या कोणाला ते एकट्यानं बदलता आलं का, आणि अशी मॉड्यूल्स किती आहेत. उत्तर आकड्यांत येईल आणि सहा महिन्यांचा बेत आपोआप जमिनीवर येईल. एक गोष्ट स्पष्ट विचारा : बेझल आल्यावर ते सांभाळायला माणसं किती? त्याचं रिमोट कॅश (आधी बांधलेलं सगळ्यांना पुरवणारा साठा) चालवायचं, त्याचे नियम लिहायचे, आवृत्त्या बदलायच्या, हे फावल्या वेळेतलं काम नाही. उत्तर 'तुम्ही आहातच की' असं आलं, तर विहिरीपाशी रेंज अजून चांगली येते का ते बघून ठेवा.

'बाकीच्यांना बिल्ड समजून घ्यायचाच नाही' हे तुमचं दुसरं गृहीतक. मला ते अर्धंच पटतं. लोकांना बिल्ड आवडत नाही हे खरं. कोणी इंजिनिअरिंगला मेकफाइल लिहायला जात नाही. पण त्या ज्युनिअर मुलानं तर हात घातला होता! त्याची दुरुस्ती चुकीची होती असं तुम्ही लिहिलंय, ती असेलही. तुम्ही ती रात्री बसून बदललीत. त्याला सांगितलंत का? पत्रात तसं दिसत नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी कोडमधल्या बदलांची हिस्टरी बघितली असेल आणि त्यातून एकच गोष्ट शिकला असेल, की इथे हात लावायचा नाही. मग तो पुढच्या वेळी फोनच करणार.

याच कारणासाठी एक्सझेडची गोष्ट सांगतो. तुम्हाला ती माहीत असणार, पण तुमच्या मॅनेजरांपुढे ठेवायला ती उपयोगी आहे. मार्च 2024 मध्ये उघड झालं की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या छोट्या पण जवळपास सगळ्या लिनक्स वितरणांत असलेल्या प्रोजेक्टच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. तो सी च्या कोडमध्ये शोधून सापडला नसता. सुरुवात होती बिल्डच्या एका एमफोर स्क्रिप्टच्या फाइलमध्ये, जी फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठीच्या गठ्ठ्यात) होती, सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमधल्या कोडमध्ये नव्हतीच. बाकीचा ऐवज टेस्टच्या बायनरी फाइलींत दडवलेला. आणि त्याच प्रोजेक्टच्या सीमेकच्या फाइलमध्ये, सुरक्षेची एक सोय उपलब्ध आहे का हे तपासणाऱ्या छोट्या कोडमध्ये, एक एकटा टिंब टाकलेला होता. टिंबामुळे तो कोड कधीच कंपाइल व्हायचा नाही, मग सोय 'उपलब्ध नाही' असं समजून गुपचूप बंद. एक टिंब! रिव्ह्यूत तुमच्याकडे कोणाला दिसला असता? आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर जाण्याच्या सोयीच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून हे सापडलं. हे गृहस्थ पोस्टग्रेसचे, तिथे मेसन आणण्यातही त्यांचाच मोठा हात. बिल्डवाल्या माणसाला अर्धा सेकंद खटकतो, यात मला काही नवल वाटलं नाही.

पण मला तुम्हाला दाखवायचंय ते वेगळं. तो प्रोजेक्ट वर्षानुवर्षं एक माणूस एकट्यानं सांभाळत होता, थकला होता, आणि 'लवकर करा, दुसऱ्याकडे द्या' अशा मेलचा त्याच्यावर मारा होत होता. मदतीला आलेल्या माणसावर त्यानं विश्वास टाकला, आणि तोच माणूस चोर निघाला. बिल्डच्या फाइली कोणी वाचत नाही आणि त्या सांभाळणारा एकटा असतो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की असं होतं. 'इम्पॅक्ट दिसत नाही' म्हणणाऱ्यांना हे सांगा. तुमच्या कंपनीत बिल्डच्या फाइलींना दोन जणांचा रिव्ह्यू सक्तीचा करा, आणि त्यातले एक तुम्ही असायलाच हवं असा नियम करू नका.

कॉन्फिगच्या 600 पर्यायांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. मला मात्र झोप उडवणारा भाग तोच वाटतो. बिल्ड तुटला तर निदान लाल दिसतं. कॉन्फिग चुकलं तर सगळं हिरवं असतं आणि गाडी भलत्याच गावाला जाते. 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहारांच्या कंपनीत नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला गेला. नव्या कोडनं एक जुना, वापरात नसलेला फ्लॅग नव्या अर्थानं वापरायला घेतला होता. राहिलेल्या आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगनं वर्षानुवर्षं झोपलेला जुना कोड जागा केला. पाऊण तासात 44 कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं आणि कंपनी स्वतंत्रपणे पुढे जगू शकली नाही.

हे वाचून मी एका टीममध्ये नियम केला होता : फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही, मेलेल्या फ्लॅगचंसुद्धा. आणि प्रत्येक नव्या पर्यायाशेजारी मालकाचं नाव आणि मरणाची तारीख. तारीख उलटली की बिल्ड इशारा देतो, महिन्याभरानं तुटतो. पहिल्या महिन्यात लोकांनी शिव्या घातल्या. गणित बघा ना, चालू-बंद असे दहाच पर्याय असले तरी 1,024 जोड्या होतात. 600 चं गणित मांडूच नका. म्हणून मुळात कोणत्या चार-पाच जोड्या ग्राहकांकडे जातात ते ठरवा, त्या रोज रात्री पूर्ण बांधा आणि तपासा. उरलेल्यांसाठी कर्नेलवाल्यांची युक्ती आहे, त्यांच्याकडे 'रँडकॉन्फिग' नावाचं टार्गेट आहे, ते पर्यायांची वाटेल ती जोडी उचलतं. रोज एक अशी जोडी बांधून बघायची. जी कधीच बांधली जात नाही तिचे पर्याय काढून टाकण्याच्या यादीत. सुरुवात म्हणून, कोडमध्ये ज्यांचा उल्लेखच सापडत नाही असे पर्याय एका दुपारी शोधून काढा. मला वाटतं, पन्नासेक तरी निघतील.

पत्राच्या शेवटी एक ओझरता उल्लेख आहे, की रिलीजचा बिल्ड अजून सेंटओएस 7 या जुन्या लिनक्सच्या मशीनवर होतो, 'त्याला कोणी हात लावत नाही'. त्याचा आधार 30 जून 2024 ला संपला हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या एका जुन्या नोकरीत असंच एक मशीन टेबलाखाली होतं. दिवाळीच्या सुट्टीत वायरिंगच्या कामासाठी कोणीतरी ते बंद केलं, आणि परत चालू होईना. नवीन मशीनवर तोच कोड कंपाइल केला तर प्रोग्रॅम चालेना. चार दिवसांनी कळलं की जुन्या मशीनवरच्या कंपायलरमध्ये फार पूर्वी कोणीतरी हातानं पॅच मारला होता. तेव्हा या आठवड्यात एवढं करा : कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनमधल्याच एका वेगळ्या बंद खोलीत), काहीही आधी न टाकता, बिल्ड चालवा. तो जिथे पडेल तिथे काय घालावं लागलं ते कंटेनरच्या फाइलमध्ये लिहा, पुन्हा चालवा. ती फाइल शेवटाला पोचली की तुमच्या सिनिअरांच्या चार पानांपेक्षा खरं डॉक्युमेंट तयार झालेलं असेल, आणि ते खोटं झालं तर बिल्डच सांगेल.

अप्रेझलसाठी दोन आठवडे एक वही ठेवा. कोणी विचारलं, काय विचारलं, किती वेळ गेला, आधी क्लीन करून बघितलं का. साठ जणांची रोज वीस मिनिटं जरी बिल्डपायी जात असतील तर ते रोजचे 20 तास होतात, म्हणजे अडीच माणसं फक्त वाट बघण्यासाठी नोकरीला ठेवली आहेत. हा आकडा तुमच्या मॅनेजरांच्या भाषेत आहे. त्याच्या शेजारी उपायाचा आकडाही ठेवा. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं पुन्हा वापरणारं साधन) बसवायला फारसा वेळ लागत नाही, आणि क्लीननंतरच्या बिल्डमध्ये फरक लगेच जाणवतो. क्लँग असेल तर 'एफटाइमट्रेस' फ्लॅगनं कोणती हेडर फाइल किती वेळ खाते ते चित्रासारखं दिसतं, बहुतेक वेळा दोन-चार हेडरच सगळ्यांचं जेवण जेवत असतात. 2 तास 40 चे दीड तास झाले की इम्पॅक्ट दिसेल. हे वाचणाऱ्या मॅनेजर मंडळींनाही सांगून ठेवतो : तुमच्याकडे अशी एखादी व्यक्ती असेल आणि तिचं काम दिसत नसेल, तर ते काम नीट चाललंय.

आणि वहीतले प्रश्न तीनदा आले की त्याचं उत्तर फोनवर देणं बंद. ते एररच्या संदेशातच घालायचं. 'फाइल सापडली नाही' याऐवजी 'अमुक स्क्रिप्ट आधी चालवा, आणि तरी नाही जमलं तर अमुक फोल्डर बघा'. विहिरीपाशी तुम्ही जे बोललात ते सगळं एका संदेशात मावलं असतं.

मग पाळी लावा. दर आठवड्याला एक डेव्हलपर बिल्डच्या पाळीवर. प्रश्न आधी त्याच्याकडे, त्याला नाही जमलं तर तुमच्याकडे, आणि जे उत्तर मिळेल ते लिहायचं त्यानं. सोसायटीत पाण्याच्या टँकरची पाळी लागते तशी. सुरुवातीला तुम्हाला बघवणार नाही. दोन मिनिटांच्या कामाला तो दोन तास घेईल आणि तुमचा हात कीबोर्डकडे जाईल. तो मागे घ्यायचा.

टीम बदलायचं म्हणाल तर त्यात गैर काही नाही. 6 वर्षं पुष्कळ झाली, फीचरचं काम करावंसं वाटणं स्वाभाविक आहे. फक्त आत्ता रागावून गेलात तर फोन मागोमाग येत राहतील, कारण उत्तरं अजून तुमच्याच डोक्यात आहेत. पाळी तीन-चार महिने चालू द्या, मग जा. आणि वही दाखवूनही कंपनी दुसरा माणूस द्यायला, पाळी लावायला, सेंटओएसचं मशीन बदलायला तयार नसेल, तर वाट बघू नका. कंटेनरची फाइल कोडच्या रेपोमध्ये (सामायिक साठ्यात) टाका, निरोप घ्या आणि फोन उचलू नका. ते तुमच्या हातातलं राहिलेलं नाही.

पहिल्या आठवड्याची पाळी त्या ज्युनिअर मुलाला द्या. त्याआधी त्याला खाली टपरीवर चहाला घेऊन जा आणि त्याची ती दुरुस्ती तुम्ही का बदललीत ते ओळीओळीनं सांगा. तो काही उलट विचारेल, ते ऐकून घ्या. गणपतीच्या आठवड्याची पाळी कोणाची येते ते आत्ताच मोजून बघा, आणि तुमची येत असेल तर कोणाशी तरी अदलाबदल करून घ्या.